हौदाचं झाकण

४ जानेवारी

लंबू,

तुझ्या आपाचा सलाम. जवाब द्यायचा नसेल तर देऊ नकोस, ते काम फरिश्ते करतील. पत्ता तुझ्या बायकोने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला फोनवर इतकं छळलं की कुणीही दिला असता. तुझा नवा नंबर मात्र दिला नाही. म्हणाली, "आपा, तुमचा आवाज ऐकला की ते फोन ठेवून देतील. कागद फाडायला तरी हातात घ्यावा लागतो." शहाणी आहे. तुला कशी मिळाली कोण जाणे.

कामाचं सांगते. अम्मीला आता दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. खिडकीपाशी कुणी उभं राहिलं तर सावली कळते, माणूस कळत नाही. डॉक्टर म्हणतात साधं ऑपरेशन आहे, सकाळी गेलं की दुपारी घरी. पण ही बाई ऐकेल तर शपथ. "बघायचंय काय मला?" एवढं म्हणते आणि तोंड भिंतीकडे करते.

तिच्या मते डोळे रडून गेलेत. मी मुद्दाम तिच्यासमोर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "रडण्याने नाही होत आजी, वयाने होतं." घरी आल्यावर म्हणते, "डॉक्टर अजून लहान आहे." आणि मग तिची ती याकूब नबींची गोष्ट. आठवते? तिच्या एका कुशीला तू, एका कुशीला मी. भावांनी यूसुफला विहिरीत टाकलं, बापाला सांगितलं लांडग्याने खाल्लं, आणि बाप रडून रडून आंधळा झाला. मग कित्येक वर्षांनी यूसुफने आपला सदरा पाठवला, तो तोंडावर घातला आणि नजर परत आली. आता हिने हट्ट धरलाय, तुझा एक अंगातला सदरा मागवून घे, धुतलेला नको. मी म्हटलं, अम्मी, ते नबी होते, तुला मोतीबिंदू झालाय. तर म्हणते, "तू आपलं शिवणकाम बघ."

तेव्हा ये. एकदा येऊन जा. तिचा हात तुझ्या तोंडावरून फिरला की ती ऑपरेशनला तयार होईल, हे मी लिहून देते. वय झालंय तिचं, लंबू. आणखी काही महिन्यांनी डॉक्टरही नको म्हणतील.

मागचं काढणार नव्हते, पण न काढता पुढे जाता येत नाही. मशीनखालचं झाडताना बटण सापडलं तर मी अजून ते उचलत नाही. उचलायचं काम तुझ्या लेकीचं होतं, लाडाचं नावही आपण त्यावरूनच ठेवलं. बटण गेली तिला आता वर्ष होऊन गेलं. मशिदीच्या हौदात आपली मुलगी गेली, तुझी एकट्याची नाही. चूक शोधत बसलास तर चूक सापडेल, मुलगी सापडणार नाही. कबरीपाशी ह्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अल्लाहची मर्जी. यातही त्याची काही हिकमत असेल." माझा नवरा काही मौलाना नाही, मशिदीत अजान देतो आणि झाडलोट करतो. अशा वेळी सगळे बोलतात तेच तो बोलला. तू त्याला चारचौघांत ढकललंस. म्हणालास, "हा माईकवर ओरडत होता तेव्हा माझी मुलगी खाली हाक मारत होती. दोघांपैकी कुणाची वर पोचली?"

ह्यांच्यावरचा राग ठेव. पण अम्मीने तुझं काय केलंय?

तुझी,
आपा

२२ जानेवारी

लंबू,

कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि दोन ओळी. शाई महाग झाली का तिकडे?

"अल्लाहचं आणि माझं काय ते मी बघून घेईन. आधी झाकण कुणी उघडं ठेवलं ते सांग."

वाचलं आणि डोकंच फिरलं माझं. मशीनच्या खणात कोंबून ठेवलं, कुणाची तरी कॉलर उलटी शिवली, ती उसवली, मग कार्ड परत काढून वाचलं. अम्मीला सांगितलं तू बरा आहेस, सदरा पाठवतो म्हणालास. थाप मारली. तिने लगेच उशाशी जागा केली. आता माझी थाप खरी करणं तुझ्या हातात आहे.

तुझ्या प्रश्नाला उत्तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. जमिनीतली जुनी टाकी, वरचं लोखंडी झाकण झिजलेलं, सरकलं असेल. मशिदीच्या कमिटीने दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते झाकण मी पाहिलंय, मला उचलायला दोन्ही हात लागतात आणि कंबर धरते. आपोआप सरकायला त्याला पाय फुटले होते का? नमाजआधी वजूचे हातपाय धुवायला पाणी पुरेल का ते बघायला ते कोण उचलतं, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. पण "ठाऊक असणं" आणि "विचारणं" यांत माझा संसार आहे. रोज ज्याच्यासमोर चहाचा कप ठेवते त्याला ते कसं विचारू? आपलेच दात, आपलेच ओठ.

म्हणून मी इमामसाहेबांकडे गेले. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "बहन, आपण भरतकामाची उलटी बाजू बघतोय. गाठी, तुटके धागे. सुलटी बाजू फक्त त्याला दिसते." मी जन्मभर शिवतेय. मी म्हटलं, "इमामसाहेब, ज्या कामाची उलटी बाजू गुंत्याची असते त्या कारागिराला मी काम देत नाही. चांगलं काम उलटीकडूनही नीट असतं." बिचाऱ्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मलाच वाईट वाटलं आणि वाटेभर तोबा करत आले. अल्लाहचं काम खराब आहे असं मला म्हणायचं नव्हतं, ती उपमा खराब आहे एवढंच म्हणायचं होतं. मूल गेलं त्याला गाठ म्हणू नये.

तुझी बायको म्हणाली, तू नमाज सोडलीस. मी उपदेश करणार नाही. तुला एकच विचारते. समोर कुणीच नसेल तर एवढा चिडलायस कुणावर? मी रोज चटईवर बसते आणि "का" म्हणून विचारते. जवाब येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते, कारण हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. भांडायलासुद्धा ऐकणारा लागतो.

झाकणाचं विचारते. वेळ दे.

आपा

९ फेब्रुवारी

लंबू,

विचारलं.

त्याआधी ह्यांची तऱ्हा सांगते, तुला ऐकायची नसली तरी. वर्षभर हे मशिदीत वजू करत नाहीत, घरून करून जातात. त्या झाकणाला कडी केली, मग कुलूप, मग दुसरं कुलूप. रोज जाऊन कुलूप ओढून बघतात. जेवण असं की ताटात वाढलेलं तसंच उरतं आणि अम्मी म्हणते, "जावई डाएटिंगवर आहे." अजान देताना मधे आवाज अडकतो. लोक म्हणतात घसा बसलाय, काढा घ्या. काढे घेतात बिचारे.

काल दुपारी मी बाह्या जोडत होते, हे काजं करून द्यायला बसले होते. मशीन थांबवलं नाही. थांबवलं असतं तर धीर झाला नसता. म्हटलं, "त्या दिवशी झाकण तुम्ही काढलं होतं?"

सुई हातात तशीच. म्हणाले, "हो."

"परत का नाही लावलं?"

मग सांगितलं. जुम्मा होता, गर्दी व्हायची होती. पाणी किती आहे बघायला झाकण काढून बाजूला ठेवलं आणि अजानची वेळ झाली. वाटलं, आधी अजान, झाकण मागाहून लावू. "अल्लाहच्या कामाला उशीर नको म्हणून धावलो ग," म्हणाले. "मुलं अंगणात आहेत हे दिसत होतं मला. पण वेळ झाली होती." अजान देऊन बाहेर आले तेव्हा हौदाच्या कडेला एक चप्पल होती.

मी मशीन थांबवलं. मला ह्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "मग वर्षभर अल्लाहची मर्जी, अल्लाहची हिकमत करत काय फिरलात? आपलं खापर कुणाच्या डोक्यावर फोडलंत, कळतं का?" म्हणाले, "मग मी काय म्हणायला हवं होतं? मी तिला मारलं असं?" आणि रडायला लागले, लहान मुलासारखे नाक पुसत. ह्या माणसाने कधी मुंगीला पाय लावला नाही. शिंक आली तरी आधी माफी मागतो. वाईट माणसाच्या हातून वाईट झालं असतं तर मला सोपं गेलं असतं, त्याचा तिरस्कार केला असता. हे झालं ते सरळ माणसाकडून, तेही नमाजला धावताना. तुझ्या कबरीपाशीच्या प्रश्नाचं टोक आत्ता मला टोचलं.

अम्मीच्या गोष्टींत आणखी एक होती, मूसा नबी आणि अल्लाहचा तो जाणता बंदा. अट अशी की वाटेत मी काही केलं तरी विचारायचं नाही. तो गरिबांची नाव फोडतो, मग एका मुलाला मारून टाकतो. मूसा किंचाळतात. नबी असून त्यांना गप्प राहवलं नाही. लोक ती गोष्ट सांगून म्हणतात, बघा, सगळ्यामागे कारण होतं. होतं ना. पण ते कारण त्या बंद्याला अल्लाहने स्वतः सांगितलं होतं. कबरीपाशी तुझ्या खांद्यावर हात ठेवणाऱ्याला कुणी काय सांगितलं होतं? कमिटीला काय सांगितलं होतं? मला काय सांगितलंय? त्या गोष्टीत आपण सगळे मूसा आहोत, आणि निघालोय त्या बंद्याच्या तोऱ्यात बोलायला.

माझा विश्वास आहे तिथेच आहे. हिकमत असेल. असणारच, नाहीतर मला सकाळी उठता येणार नाही. पण ती त्याची. ती दुसऱ्याच्या दाराशी नेऊन ठेवायचा अधिकार मला नाही, आणि ज्याने झाकण काढलं त्याला तर मुळीच नाही. हिकमत अल्लाहची, झाकण आपलं.

तू विचारलंस ते सांगितलं. झाकण तुझ्या दुलाभाईंनी उघडं ठेवलं. मी ह्यांना सांगितलंय की तुला कळवतेय. मान डोलावली.

अम्मीला हे सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, "टपाल?"

आपा

२८ फेब्रुवारी

लंबू,

तुझं काही आलं नाही. न येणंही समजू शकते. पण काल झालं ते दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

काल जुम्मा. मी घरी, खिडकी उघडी, अम्मी चटईवर बसून अजानची वाट बघतेय. माईक सुरू झाल्याची खरखर आली. ह्यांचा आवाज. आज अडकला नाही, पार शेवटपर्यंत गेला. अम्मी म्हणाली, "काढा लागू पडला." मग माईक बंद व्हायला हवा तर झाला नाही.

हे म्हणाले, "थांबा जरा. एक सांगायचंय."

गल्लीभर कर्ण्यातून ऐकू जात होतं. पलीकडच्या लोहाराने हातोडा खाली ठेवला. हे म्हणाले, "मुलगी बुडाली त्या दिवशी हौदाचं झाकण मी काढलं होतं. अजान झाल्यावर लावू म्हटलं. मुलं दिसत होती, तरी लावलं नाही. झाकण सरकलं नव्हतं. याला कुणी अल्लाहची मर्जी म्हणू नका. त्याचं तो जाणतो. माझं मी सांगतोय. चूक माझी होती."

मागे कुणीतरी म्हणालं, "अहो राहू द्या, झालं गेलं, तकदीर," तेही माईकमध्ये आलं. हे म्हणाले, "नाही." एवढंच. मग खट्ट आवाज आणि बंद.

मी बाहीचं कापड हातात धरून उभी. अम्मीला आता काय सांगू, पाणी देऊ का, काही सुचेना. नात तिची. जावईही तिचाच. तिने तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. लोखंडाला काय पाय असतात?" वर्षभर तिला माहीत होतं, लंबू. मला वाटायचं मीच तिच्यापासून लपवतेय. म्हणाली, "मी त्याच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. आता जेवेल तो."

हे परत आले ते दारातच उभे. अम्मी म्हणाली, "आत ये. माझी नात गेली, त्याची माफी मी देऊ शकत नाही. ती तिच्या बापाची. पण जेवायला बस." बसले. जेवले की नाही ते विचारू नकोस, घास घेतला तोच बाहेर जाऊन ओकून आले. पण बसले.

कमिटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सेक्रेटरी संध्याकाळी दारात येऊन म्हणाले, "मशिदीची इज्जत घालवली." मी म्हटलं, "मशिदीची नाही, कमिटीची." हे मला आत ढकलत होते. किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या ह्यांनी, दोन्ही कुलपांच्या. आजपासून अजान दुसरा कुणी देतोय. सूर बरा आहे, पण घाई फार.

ह्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. म्हणायचा मला हक्क नाही, अम्मीनेही सांगितलंच. तुला हवं होतं ते माईकवरून सांगून झालं. आता ते तुझं आहे, ठेव नाहीतर फेक. मला फक्त अम्मीचे डोळे दिसतायत. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली.

आपा

१६ मार्च

लंबू,

पार्सल आलं. पत्ता तुझ्या बायकोच्या अक्षरात, आतला सदरा मात्र तुझाच, एवढ्या लांब बाह्या दुसऱ्या कुणाच्या असणार? चिठ्ठी नाही. उलटसुलट करून झटकून पाहिलं. नाही तर नाही.

अम्मी खाटेवर बसली होती. कागदाचा आवाज ऐकूनच सावरून बसली, डोक्यावरची ओढणी नीट केली, कुणी पाहुणा आल्यासारखी. मी सदरा तिच्या हातात दिला. तिने कॉलर चाचपली, बाहीची लांबी हाताने मापली आणि हसली. मग पूर्ण तोंडावर घेतला.

आता खरं सांगते. मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मला माहीत आहे मोतीबिंदू काय असतो. तरी बघत राहिले. दारात हेही उभे होते, त्यांचंही तेच.

तिने सदरा खाली घेतला. डोळे तसेच, दुधाळ. माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघत म्हणाली, "सिगारेट ओढायला लागलाय हा."

मला हसू आलं आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना. वर्षभर मी तिच्यासमोर रडले नव्हते. ती मला थोपटत तुला शिव्या देत होती. "त्याच्या बापाने कधी ओढली नाही. बायको काय करते? आणि हे बघ, खिशाची शिवण उसवलीय, तेवढी घाल, पण धुवू नकोस." शिवण घातली. धुतला नाही. उशाशी आहे.

मग म्हणाली, "निघायचं कधी?"

मी विचारलं, कुठे? तर म्हणते, "तुला एवढी गोष्ट सांगितली, शेवट ऐकायच्या आधीच झोपायचीस वाटतं. सदरा आल्यावर यूसुफ घरी येत नाही. आईबाप उठून त्याच्याकडे जातात."

खरंच, लंबू. मी विसरले होते. इतकी पत्रं तुला "ये, ये" म्हणून लिहिली. जायचं आम्हाला होतं.

मी म्हटलं आधी ऑपरेशन कर, डोळे येऊ देत, मग नीट बघून जाऊ. नाही म्हणाली. "आधी तो. मग डोळे." ऑपरेशनला मात्र हो म्हणालीय, तुझ्याकडून परत आल्यावर. डॉक्टरांना मी कळवलं. ते म्हणाले, "आजींना एकदम काय झालं?" काय सांगू त्यांना? लहान आहेत अजून.

रविवारची गाडी आहे, सकाळी दहाच्या सुमाराला तुमच्या स्टेशनात लागते. आम्ही दोघीच येतोय. हे येत नाहीत. गाडीपर्यंत बॅग आणून देतील आणि परत जातील. मी विचारलं, तुमचा सलाम सांगू का त्याला? काजाला दोन टाके घातले. मग म्हणाले, "नको. त्याने विचारलं तरच सांग." तेव्हा सांगत नाही.

त्या गोष्टीत शेवटी सगळं सुटतं. विहीर का, कैद का, सगळ्याचा अर्थ लागतो आणि यूसुफ भावांना माफ करतो. आपल्याकडे तसं काही होईलसं मला वाटत नाही. बटण विहिरीतून निघून कुठे राजवाड्यात गेलेली नाही. का, ते मला इथे कळणार नाही आणि तुला तर कळूच नये, कारण पटेल असं कारण कुणी तुझ्यासमोर ठेवलं तर तू त्याला ढकलशील आणि बरोबर करशील. वर, अल्लाहसमोर गेल्यावर मी विचारणार आहे. रांगेत तुझ्या मागे उभी राहीन, आधी तू विचार.

स्टेशनवर आलास तर आम्हाला शोधायला नको, अम्मीला हिरवी ओढणी घालीन. हाक मारू नकोस. मीही काही बोलणार नाही. नुसता जवळ येऊन उभा राहा, तिला ओळखू दे. सिगारेट ओढून आलास तरी चालेल.

आपा